इंजिन ओळखावं चाकांवरून



नगरच्या लष्करी छावणीजवळच्या भिंगारच्या पोरांना रणगाड्याची चाकं मोजायला शिकवावं लागत नाही. विजयंताला एका बाजूला सहा, टी-55 ला पाच. त्यातही पहिल्या-दुसऱ्या चाकात जरा जास्त फट. हीच नजर घेऊन आज नगर स्टेशनच्या फलाटावर जाऊ या.

दौंड-मनमाड मार्गावर विजेच्या तारा आल्या आणि डिझेल इंजिनांचं राज्य आटोपत आलं. म्हणून दिसताहेत तोवर ती नीट पाहून घ्यायला हवीत. बहुतेक जण आधी रंग बघतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, रंगावर जाऊ नका. रंग इंजिनाची देखभाल करणाऱ्या शेडचा असतो. शेड बदललं की तोही बदलू शकतो.

नजर खाली न्या. डब्ल्यूडीएम-2 घ्या. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं हे 2600 अश्वशक्तीचं इंजिन 1962 साली आपल्याकडे आलं आणि 1964 पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. त्याच्या चाकांच्या प्रत्येक चौकटीत, म्हणजे बोगीत, एका बाजूने तीन चाकं दिसतात: दोन जवळजवळ, तिसरं थोडं फटकून. आसांना फिरवणाऱ्या मोटारी बसवताना हे अंतर असं कमीजास्त झालं. उलट डब्ल्यूडीएम-3डी किंवा मालगाडीचं डब्ल्यूडीजी-3ए आलं, की तिन्ही चाकं सारख्या अंतरावर. तिथे सगळ्या मोटारी एकाच दिशेला तोंड करून बसवल्या आहेत. वरचा सांगाडा कितीही सारखा वाटो, ही चाकं फसवत नाहीत.

डब्ल्यूडीएम-3ए मात्र खरी परीक्षा घेतं. ताकद 3100 अश्वशक्ती, पण अनेक जुनी डब्ल्यूडीएम-2 च नव्याने बांधून ती केलेली. बाहेरून जुळी भावंडंच! तिथे अंदाज बांधत बसू नये, अंगावर रंगवलेली अक्षरं वाचावीत. नंबरानंतर 'आर' असेल तर इंजिन पुन्हा बांधलेलं आहे.

आता डोळे मिटून ऐका. उभं असलेलं अल्को धक-धक करत राहतं, ठोके वेगवेगळे कानावर येतात. ते चार स्ट्रोकचं. 1999 पासून आलेलं डब्ल्यूडीजी-4 आणि त्याच्या घराण्यातली डब्ल्यूडीपी इंजिनं दोन स्ट्रोकची, त्यांची घरघर सलग. याच घराण्यातल्या डब्ल्यूडीपी-4डी ला दोन्ही टोकांना केबिन असते. एकाच केबिनचं इंजिन लांब नाक पुढे करून धावतं, तेव्हा लोको पायलटला समोरचं कमी दिसतं. ही अडचण त्या दुसऱ्या केबिनने दूर केली.

मुलांनो, वहीत नंबर, अक्षरं आणि शेडचं नाव टिपून ठेवा. 11 ने सुरू होणारा पाच आकडी नंबर, म्हणजे बहुधा डब्ल्यूडीएम-3डी, दिसला, तर चाकांतलं अंतर जरूर पडताळून बघा. मात्र हे सगळं फलाटावर, पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं राहूनच.