राष्ट्रसंघाची वर्गणी आणि अमेरिकेचें विधिमंडळ



मोठी वर्गणी देणारा सभासद संस्थेस अटी घालूं लागला, म्हणजे त्या वर्गणीस देणें म्हणावें कीं दान म्हणावें, असा प्रश्न उभा राहतो. आपल्या गल्लींतल्या वाचनालयांत तो वर्षाआड निघतो. अमेरिकेच्या विधिमंडळांत तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संयुक्त राष्ट्रसंघासंबंधीं निघाला.

राष्ट्रसंघाच्या नियमित खर्चाचा शेंकडा २५ वांटा त्या वेळीं अमेरिकेकडे होता. सनदेच्या १७ व्या कलमाप्रमाणें हा वांटा साधारणसभा ठरविते आणि तो ऐपतीच्या मानानें ठरतो. परंतु पैसा निघावयाचा तो वॉशिंग्टनच्या विधिमंडळाची मंजुरी मिळाल्यावर! ती अडली, आणि राष्ट्रसंघाच्या हिशेबानें थकबाकी एक अब्ज डॉलरांवर गेली.

सिनेटच्या परराष्ट्रसमितीचे अध्यक्ष जेसी हेल्म्स यांचें म्हणणें असें कीं, कर आमचे नागरिक भरतात. तेव्हां आधीं कारभार सुधारा, आमचा वांटा उतरवा, मग पैसे घ्या. कारभाराविषयींची त्यांची तक्रार अगदींच निराधार होती असें मला वाटत नाहीं. डेमोक्रॅटिक पक्षाचे जोसेफ बायडन यांच्याशीं त्यांची तडजोड झाली: ९२ कोटि ६० लक्ष डॉलर, तीन हप्त्यांनीं, अटी पुऱ्या होतील तसतसे. इतक्यांत प्रतिनिधिगृहांतील कांहीं सभासदांनीं परदेशांत गर्भपाताचा पुरस्कार करणाऱ्या संस्थांवरील निर्बंधाचें कलम त्यास जोडलें. राष्ट्रसंघाच्या वर्गणीशीं त्याचा काय संबंध? पण या कलमापायीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं १९९८ सालीं विधेयक नाकारलें, आणि १९९९ च्या नोव्हेंबरांत तेंच कलम सौम्य करून पत्करलें. आणखी विलंब होता, तर १९ व्या कलमान्वयें साधारणसभेंतील अमेरिकेचें मतच जाण्याची वेळ आली होती.

दरम्यान झळ कोणास लागली? शांतिसेनेस सैनिक पुरविणाऱ्या देशांची भरपाई राष्ट्रसंघानें लांबणीवर टाकली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश हे त्यांतलेच. म्हणजे जगांतील सर्वांत धनाढ्य राष्ट्रास गरीब देशांनीं बिनव्याजी उसनें दिलें असेंच म्हणावयाचें. वॉशिंग्टनच्या चर्चेंत या सावकारांस बोलावणें नव्हतें.

पुढें डिसेंबर २००० मध्यें साधारणसभेनें अमेरिकेचा वांटा २२ वर आणला. इतर राष्ट्रांचीं त्या वर्षाचीं अंदाजपत्रकें आधींच ठरलेलीं. त्यामुळें पहिल्या वर्षाची तूट भरून काढण्यासाठीं टेड टर्नर या अमेरिकन धनिकानें पदरचे ३ कोटि ४० लक्ष डॉलर देऊं केले.