पोर्ट लुईची खानावळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"प्रवासातील अनुभव" या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी काही मोठी प्रवासी नव्हे. पंढरपूर आणि एकदा काशी, एवढीच माझी मजल. पण गेल्या डिसेंबरात मुलगा आणि सूनबाई मला मॉरिशसला घेऊन गेली. तिथल्या एका खानावळीत जे घडले ते सांगताना मला एक चूकही कबूल करायची आहे.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले लहानसे बेट, मुंबईहून विमानाने सहा तासांवर. निघताना मी नाशिकचा चिवडा, मेतकूट आणि दशम्या असा सारा जामानिमा बांधला होता. परक्या मुलखात बाहेरचे खायचे नाही, हा माझा पण! पण चौथ्या दिवशी पोर्ट लुई या राजधानीच्या शहरात बाजार हिंडताना भूक अनावर झाली, आणि डबा राहिला उतरलो होतो तिथेच. सून म्हणाली, "आई, समोर बघा तरी."

बाजारालगतच्या बोळात दोन बाकांची एक खानावळ होती. एक बाई तव्यावर पिवळ्या, पातळ पोळ्या भाजत होती. त्यांना तिथे दालपुरी म्हणतात. ती एक कोणी घेत नाही, जोडीच घ्यायची. तिच्यावर मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा दाट रस्सा आणि मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून हातात देतात. मी पहिला घास घेतला आणि थबकलेच. आत डाळीचे पुरण! फक्त गुळाऐवजी त्यात हळद आणि जिरे.

मी सुनेला म्हटले, "अगं, डाळ शिजवली म्हणजे कट निघालाच असेल. तो हिने कुठे टाकला?"

तव्यामागची बाई हसली आणि थांबत थांबत मराठीत म्हणाली, "टाकत नाही, बाई. त्यातच पीठ भिजवतो. पुरी मऊ राहते."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिचे पणजोबा रत्नागिरीकडून आलेले. मराठी ती शाळेत शिकली होती. घरात सगळे क्रिओल बोलतात. गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते आणि मोदक मात्र तिच्या घरी चुकत नाहीत.

मी मोठ्या अभिमानाने म्हणाले, "म्हणजे आपली पुरणपोळीच इकडे येऊन तिखट झाली म्हणायची!"

"नाही हो," ती म्हणाली, "ही बिहारकडची. माझ्या आजीला शेजारच्या भोजपुरी बाईने शिकवली. आजीने तिला मोदक शिकवले."

दुपारी आम्ही आप्रवासी घाट पाहिला. 1834 पासून 1920 पर्यंत सुमारे पाच लाख हिंदी मजूर करारावर या बेटात आले. बहुतेक बिहारकडचे, आपली कोकणातली माणसे मुंबई बंदरातून गेली. बोटीतून उतरून ज्या सोळा पायऱ्या ते चढले त्या अजून आहेत. 2006 साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली. तिथून माणसे पांगली ती उसाच्या मळ्यांवर. एकमेकींची भाषा न कळणाऱ्या बायका तिथे शेजारणी झाल्या. त्या पायऱ्यांपाशी मला आपल्या मंडळाची आठवण झाली आणि मान खाली गेली.

का, ते आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे. गेल्या श्रावणात पाककृती स्पर्धेला माझ्या समोरच्या घरातल्या वहिनींनी नाव दिले होते. त्या बिहारच्या. यजमान अंबडच्या कारखान्यात नोकरीला. "स्पर्धा आपल्या पदार्थांची आहे," असे म्हणून त्यांचे नाव मीच खोडले. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून आमच्या घरी आल्याही नाहीत.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी त्यांचे दार ठोठावले. माफी मागायला शब्द सुचेनात, तेव्हा विचारले, "दालपुरीचे पीठ तुम्ही कशात भिजवता?" त्या क्षणभर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बैठिये, चाय बनाती हूँ." त्यांच्या माहेरी पीठ साध्या पाण्यातच भिजवतात. कटाची युक्ती मी त्यांना सांगितली, पोर्ट लुईच्या बाईच्या नावाने!

तेव्हा भगिनींनो, आज पंगतीत पुरणपोळीशेजारी एक पिवळी पोळीही वाढली जाईल. ती वहिनींच्या हातची. डाळ आम्ही दोघींनी पहाटे एकाच पातेल्यात शिजवली. आमटी माझी आहे. पण निम्मा कट वहिनींनी पिठात घातला. तेव्हा आमटी थोडी पातळ लागली तर मला बोल लावू नका, आणि पोळी मात्र जोडीनेच मागून घ्या.