मोटारीची कॉइल आणि ठिणगीची गरज



बंगळूरच्या जुन्या पेठेत दोड्डपेट आणि चिकपेट हे दोन रस्ते जेथे एकमेकांस छेदतात, तेथून केंपेगौडाने १५३७ साली चार दिशांना चार नांगर धरविले आणि त्या तासांवर शहराचे रस्ते पडले, अशी परंपरा सांगते. पुढे शतकभराने, १६३८ नंतर, हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. आज चिकपेट म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहतात ती रेशमी साड्यांची दुकाने. परंतु त्या गल्ल्या ओलांडून दक्षिणेला टाउन हॉलच्या बाजूने जयचामराजेंद्र रस्त्यावर आले म्हणजे बाजाराचे रूप पालटते. येथून कलासीपाळ्यापर्यंत मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार पसरलेला आहे. या बाजारात ज्याची स्वतःची जुनी मोटार आहे आणि जो रविवारी स्वतःच तिचे बॉनेट उघडतो असा गृहस्थ येतो, तेव्हा त्याच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी एक म्हणजे इग्निशन कॉइल. एका खोक्यावर चाळीस हजार व्होल्ट असा आकडा, दुसऱ्यावर साठ हजार, आणि किंमत त्याच्या दुप्पट. गृहस्थ मनाशी हिशेब करतो : दाब दीडपट, तर ठिणगी दीडपट, आणि ठिणगी दीडपट तर इंजिनाची ओढही थोडीफार वाढणारच. हा हिशेब चुकीचा आहे. तो का चुकतो हे नीट समजले, तर कॉइल बदलण्याचे काम कोणाही हौशी माणसाला घरच्या अंगणात करता येण्याजोगे आहे. न समजता केले, तर मात्र चालती गाडी रस्त्यात उभी राहते.

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या दोन टोकांमधील अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या अधिक फटीत, तीही दाबलेल्या वायूत, ठिणगी पाडायची तर काही हजार व्होल्ट लागतात. बारांचे हजारो कसे व्हावेत? मायकेल फॅरडे याने १८३१ साली विद्युत्‌ प्रवर्तनाचा शोध लावला, त्यातच याचे उत्तर होते. आयर्लंडमधील मेनूथ येथे धर्मगुरूंच्या महाविद्यालयात शिकविणाऱ्या निकोलस कॅलन यांनी १८३६ साली पहिले प्रवर्तन वेटोळे तयार केले. पॅरिसच्या रुमकॉर्फ या कारागिराने त्याला इतके परिपूर्ण रूप दिले की पुढे त्या वेटोळ्यास त्याचेच नाव पडले. १८६० साली लेन्वार याने आपल्या वायुइंजिनात स्फोट घडविण्यासाठी हेच वेटोळे वापरले. म्हणजे मोटार जन्मण्यापूर्वीच तिची कॉइल जन्मली होती.

तिची रचना साधी आहे. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती जाड तारेचे दोनशे-तीनशे वेढे, हे प्राथमिक वेटोळे; आणि केसासारख्या बारीक तारेचे वीस हजारांच्या घरातील वेढे, हे दुय्यम. प्राथमिक वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहू लागला की गाभ्यात चुंबकी क्षेत्र साठू लागते. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले की तो प्रवाह एकाएकी तुटतो. जोराने वाहणारा नळ झटकन बंद केला असता नळीत जसा धक्का बसतो, तसा धक्का येथे बसतो : प्राथमिक वेटोळ्यात दोन-तीनशे व्होल्ट उसळतात आणि दुय्यम वेटोळ्यात, वेढ्यांच्या प्रमाणात, त्याच्या शंभरपट. पॉइंटशेजारी बसविलेला लहानसा कंडेन्सर हा धक्का पॉइंटवर जळून जाऊ देत नाही. तो निकामी झाला तर कितीही भारी कॉइल आणली तरी ठिणगी पिवळट आणि मरतुकडीच राहते. बाजारात सर्वांत स्वस्त मिळणाऱ्या या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ही मोठी विचित्र गोष्ट आहे.

पॉइंट, कंडेन्सर आणि एकच कॉइल ही मांडणी चार्ल्स केटरिंग यांची. ते अमेरिकेत डेटन येथे रोखगणक यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला होते. संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारात ते मोटारीच्या प्रज्वलनावर खटपट करीत. त्यातून १९०९ साली डेल्को ही कंपनी उभी राहिली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांना ही व्यवस्था मिळाली. घरगुती खटपटीतून निघालेली ही रचना पुढे सत्तर-ऐंशी वर्षे जगभरच्या मोटारींत राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अँबॅसिडर या दोन्ही गाड्या तिच्याच. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरली; खाजगी मालकांनी जिव्हाळ्याने जपलेल्या अशा गाड्या मात्र आजही पुष्कळ आहेत, आणि कॉइल बदलण्याचा प्रश्न मुख्यत्वे त्यांच्याच मालकांना पडतो.

आता खोक्यावरच्या आकड्याकडे वळावे. पॉइंट उघडल्यावर प्लगच्या फटीवरील दाब चढू लागतो : दोन हजार, पाच हजार, आठ हजार. ज्या क्षणी फटीतील वायू त्या दाबापुढे हार खाऊन वाहक बनतो, त्या क्षणी चढण थांबते. ठिणगी पडते, आणि दाब एकदम उतरून हजाराच्या आसपास किंवा त्याखाली येतो. वायू दहा हजारांवर फुटला, तर कॉइल चाळीस हजारांची असो की साठ हजारांची, दाब दहा हजारांच्या वर जातच नाही. धरणाची भिंत कितीही उंच बांधली तरी सांडवा ज्या उंचीवर आहे तेथून पाणी वाहून जाते, त्यातलाच हा प्रकार. खोक्यावरील आकडा भिंतीची उंची सांगतो. सांडव्याची उंची प्लग आणि सिलिंडर ठरवितात.

ती उंची कशावर अवलंबून असते, हे पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली प्रयोगाने दाखविले. फट जितकी रुंद आणि वायू जितका दाट, तितका दाब अधिक लागतो. यातून बंगळूरच्या वाहनमालकाला एक गमतीची गोष्ट कळू शकते. त्याचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच, म्हणून तेथील हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे एक दशांशाने कमी. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला असता सिलिंडरमध्ये शिरणारी हवा तेवढ्याच प्रमाणात विरळ, आणि ठिणगीची मागणीही तितकीच उणी. चिकपेटेच्या आसपास बिनतक्रार चालणारी थकलेली कॉइल घाट उतरून मंगळूरला किंवा मुंबईला गेल्यावर, दाट आणि दमट हवेत, भर चढावर कुरकुरू लागली, तर त्यात नवल नाही. प्लगची फट वापराने झिजून ०.६ मिलिमीटरची ०.९ झाली तरीही मागणी जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. तेव्हा नव्या कॉइलच्या रकमेत जे विकत मिळते ती शिल्लक असते : मागणी आणि क्षमता यांमधील अंतर. अश्वशक्ती तिच्यातून मिळत नाही. जी ठिणगी आधीच दर वेळी पेट घडवीत होती तिच्या जागी अधिक दणकट ठिणगी आणल्याने पेट्रोल अधिक जळत नाही.

शिलकीचा खरा हिशेब व्होल्टमध्ये न करता साठविलेल्या ऊर्जेत केला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टवर प्रवाह ४ अँपिअर. प्रवर्तकत्व ८ मिलिहेन्री धरले, तर गाभ्यात ६४ मिलिज्यूल ऊर्जा साठते. योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल व हवा पेटविण्यास अनुकूल स्थितीत ०.२ मिलिज्यूल पुरतात; मिश्रण फार पातळ वा फार दाट असेल, तर ३ मिलिज्यूलहून अधिक लागतात. साठा भरपूर दिसतो. परंतु तो भरण्यास वेळ लागतो, आणि इंजिन वेगाने फिरू लागले की वेळच कमी पडतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असता दर ठिणगीमागे १० मिलिसेकंद मिळतात आणि त्यांपैकी दोन तृतीयांश काळच पॉइंट मिटलेले असतात. या गणिताने वरच्या कॉइलमध्ये सुमारे ५४ मिलिज्यूल साठतात. ४,५०० फेऱ्यांना ४२. ६,००० ला ३३ च्या आसपास. त्यातून वाटेत होणारी गळती वेगळी. शर्यतीच्या गाडीला हा उतार जाचतो. पण बाजारहाटाला आणि वर्षातून एकदा गावी जाणाऱ्या अँबॅसिडरला तो जाणवण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

भरण्याचा वेग वाढविण्यासाठीच कमी रोधाच्या कॉइली बनतात, आणि हौशी मालकाची फसगत नेमकी येथे होते. दीड ओहमची कॉइल जुन्या ३ ओहमच्या जागी सरळ जोडली, तर प्रवाह ४ वरून ८ अँपिअरवर जातो. पॉइंट एवढ्या प्रवाहासाठी बनविलेलेच नसतात. ते काळे पडतात, त्यांवर खड्डे पडतात, आणि काही दिवसांत गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालू लागते. इंजिन बंद असताना किल्ली चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, तर त्या कॉइलमध्ये ९६ वॅट उष्णता तयार होत राहते. तेल भरलेला डबा त्या तापाने फुटल्याची उदाहरणे मेकॅनिक मंडळी सांगतात, ती अतिशयोक्तीची नाहीत. अशा कॉइलला तिच्या जोडीचा बॅलास्ट रोध तरी हवा, किंवा पॉइंटच्या जागी प्रवाहावर स्वतः मर्यादा घालणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल हवे. काही गाड्यांत बॅलास्ट वेगळा दिसत नाही. रोध असलेली तारच कारखान्यात घातलेली असते. किल्ली चालू, पॉइंट मिटलेले, अशा स्थितीत कॉइलच्या धन टोकावर व्होल्टमीटर लावावा. बाराच्या जवळ दाब दिसला तर बॅलास्ट नाही. सहा-आठ दिसला तर आहे. दुकानात शिरण्यापूर्वी हे मोजमाप झालेले असावे.

त्याआधी, कॉइल खरोखरच दोषी आहे काय, हे पाहावे. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी मिसिंग करते, याची कारणे बहुधा स्वस्त असतात : प्लगची वाढलेली फट, पॉइंटचे बिघडलेले अंतर (ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असावे), टोपीला गेलेला तडा, कडक पडलेल्या हाय टेन्शन वायरी. कॉइलच्या दुखण्याची खूण वेगळी. सकाळी गाडी चांगली चालते, दुपारच्या वाहतुकीत तासाभराने बंद पडते, आणि अर्धा तास थांबल्यावर काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा सुरू होते. तापल्यावर आतील बारीक तारेचे आवरण दगा देते. पेट्रोल पंपात वाफ कोंडली तरी हुबेहूब हेच लक्षण दिसते. म्हणून पूर्वीचे टॅक्सीवाले पंपावर ओले फडके ठेवीत. निदान सोपे आहे. गाडी बंद पडल्याबरोबर ठिणगी आहे की नाही ते ठिणगी-परीक्षकाने पाहावे. ठिणगी असेल तर फडके पंपावर; नसेल तर संशय कॉइलवर.

प्रत्यक्ष बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. जुन्या कॉइलच्या तारा काढण्यापूर्वी त्यांवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात, कारण ध्रुव उलटले तरी गाडी चालते आणि चूक लक्षात येत नाही. प्लगचा मधला तप्त इलेक्ट्रोड ऋण असला म्हणजे त्यातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. उलट जोडणीत तीच ठिणगी पाडण्यास बराच अधिक दाब लागतो, आणि पैसे मोजून मिळविलेली शिल्लक आपल्याच हाताने उधळली जाते. ऋण अर्थ असलेल्या गाडीत कॉइलचे ऋण टोक डिस्ट्रिब्यूटरकडे जाते. पट्टी घट्ट आवळावी, कॉइल सायलेन्सरच्या नळीपासून दूर असावी. चालू इंजिनाची हाय टेन्शन वायर उपटून ठिणगी किती लांब उडते ते पाहण्याचा खेळ सर्वथा टाळावा. सांडवाच बुजवल्यावर दाब भिंतीपर्यंत चढतो आणि कॉइलचे आवरण आतून फुटते. पेट्रोलच्या वाफेचा धोका आहेच, आणि झटक्याने मागे गेलेला हात फिरत्या पंख्यात सापडतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीने तर चालू इंजिनाच्या या भागाजवळ वाकूच नये.

नव्या गाड्यांची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. त्यांत दर प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल असते. हा नवा शोध वाटतो खरा, पण १९०८ सालच्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीतही चार सिलिंडरांना लाकडी पेटीत बसविलेल्या चार कॉइली होत्या. प्रवाह किती वेळ चालू ठेवायचा हे आता संगणक ठरवितो, त्यामुळे परक्या रोधाची कॉइल बसविली तर जळतो तो पॉइंटऐवजी संगणकातील ट्रान्झिस्टर. फोक्सवॅगन, श्कोडा, ऑडी या कुळातील टर्बो गाड्यांना ऑडी आर-८ ची लाल डोक्याची कॉइल बसविण्याची हौस जगभर आहे. टर्बोने सिलिंडरमधील हवा दाट केलेली असते, म्हणून मागणी वाढते, हे खरे. गाडीचे ट्यूनिंग बदलून तो दाब आणखी चढविला असेल, तर नव्या कॉइलीला काम असते. कारखान्यातून आली तशीच गाडी असेल, तर लाल रंग तेवढा पदरी पडतो. मिसिंग होत असलेली अशी गाडी मात्र तशीच हाकू नये. न जळलेले पेट्रोल धुराड्यातील उत्प्रेरक परिवर्तकात जाऊन पेटते, आणि त्या एका भागाच्या किमतीत पुष्कळ कॉइली येतात.

बंगळूरला प्लगची परंपरा जुनी आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीच्या, म्हणजे मायकोच्या, आडुगोडी येथील कारखान्यातून दीर्घकाळ प्लग आणि डिझेल पंप देशभर गेले. २००८ साली कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. मायकोचे जुने खोके बाजारात अजूनही विश्वासाने मागितले जाते, आणि म्हणूनच त्या विश्वासावर जगणारा नकली मालही असतो. कॉइल घेताना दुकानातच मल्टिमीटर लावून प्राथमिक रोध मोजू द्यावा, अशी विनंती करावी. प्रामाणिक दुकानदार तिला नकार देत नाही. खोक्यावर ३ ओहम आणि मीटरवर दीड, असे दिसले तर खोके परत करावे, मग त्यावर व्होल्टचा आकडा कितीही मोठा छापलेला असो.

बसविल्यानंतर शंभरेक किलोमीटरनी पॉइंट उघडून पाहावेत. करडे आणि स्वच्छ असतील तर जोडी जमली. निळसर काळे असतील तर प्रवाह जास्त होत आहे. उतरवलेली जुनी कॉइल चालू स्थितीत असेल, तर तिच्यावर रंगाने तिचा रोध लिहून, एका पान्यासह डिकीत ठेवून द्यावी.