सात रुपये, दोन वाटे

मोबाईलमधलं ॲप अपडेट झालं आणि बचत गटाचा हिशेबच उघडेना, असं तुमच्याकडे कधी झालंय का? दर वेळी चूक आपलीच नसते. प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात, ती भाषाही बदलते.

पायथन ही तशीच एक भाषा. जुन्या पायथनला ‘७ भागिले २’ विचारलं की उत्तर यायचं ३. वरचे आठ आणे गायब! २००८ साली पायथन ३ आली. ती सांगते ३.५. बरोबरच आहे, पण जुन्या रीतीवर बेतलेले प्रोग्राम अडले. ॲप बंद पडलं तर कळतं तरी. आकडा गुपचूप बदलला तर कळतच नाही. जुन्या पायथनची देखभाल २०२० मध्ये थांबली, तोवर लोक जुने प्रोग्राम तपासून दुरुस्त करत होते.

अशी कामं एकत्र बसलं की सोपी होतात. डेबियन ही सर्वांनी मिळून सांभाळलेली, मोफत संगणक प्रणाली. तिची मंडळी डेबकॉन्फ नावाच्या संमेलनाला जमतात. २०२३ साली ते केरळात, कोचीला झालं. तिथं ‘हॅकिंग’ म्हणजे चोरी नव्हे, तर शेजारी बसून अडलेलं सोडवणं. त्यात भाषांतर करणाऱ्यांनाही जागा असते.

आपण काय करायचं? अपडेटनंतर आधी तोंडपाठ असलेला एक हिशेब घालून बघा. चुकला तर काय केलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं, हे लिहून कळवा. आणि बायांनो, गटाची वही मात्र सोडू नका. चूक पकडायला तीच कामी येते.