खिशातली पट्टी आणि पुडीतली गोळी

(बेंगळुरू येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी भाषिक कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे आपले नेहमीचे विषय. आज आम्ही त्यांवर बोलणार नाही. आज बोलायचे आहे ते आपल्या खिशातल्या गोळीबद्दल.

रुळावर राबणाऱ्याचे गुडघे, आर.एम.एस.मध्ये रात्रभर पिशव्या उचलणाऱ्याची कंबर, दारोदार फिरणाऱ्या पोस्टमनच्या टाचा. दुखणे आपल्या नोकरीबरोबरच येते. मग डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक यांची पट्टी खिशात बसते.

आधी आमचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी गँगमधल्या एका सहकाऱ्याचे गुडघे सुजले होते. आमच्या खिशातली डायक्लोफेनॅकची पट्टी आम्ही मोठ्या मायेने त्याला दिली. दम्यासाठी त्याला प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू होते. आम्ही विचारले नाही, त्याने सांगितले नाही. आठवड्याभरात त्याला डांबरासारखी काळी शौच होऊ लागली आणि ड्यूटीवरच तो चक्कर येऊन पडला. पोटातल्या अल्सरमधून रक्त जात होते. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या. तो वाचला, पण पट्टी आम्ही दिली होती हे आम्ही विसरलेलो नाही.

असे का होते? पोटाच्या आतल्या अस्तराला प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य सांभाळते. वेदनाशामक गोळी सूज उतरवताना हे द्रव्यही कमी करते, आणि अस्तराला जखम होते. स्टेरॉइड ती जखम लवकर भरू देत नाही, शिवाय दुखणे झाकून ठेवते. आपल्या भाषेत सांगायचे तर एकाने फिशप्लेट काढली आणि दुसऱ्याने लाल सिग्नल झाकला. अमेरिकेतील टेनेसी राज्यात वयस्कर लोकांचा अभ्यास झाला, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधे एकदम घेणाऱ्यांना अल्सरचा धोका, दोन्ही न घेणाऱ्यांच्या सुमारे १५ पट आढळला. निवृत्त बांधवांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. शिवाय दोन्ही औषधांनी अंगात पाणी साचते, रक्तदाब वाढतो. स्टेरॉइडने साखर चढते, वेदनाशामकाने मूत्रपिंडावर ताण येतो.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. त्याच्या शोधाला १९५० साली नोबेल मिळाले. २०२० नंतर कोविडमध्ये ऑक्सिजनवरच्या कित्येकांना डेक्सामेथासोनने जगवले. वाईट आहे ते न सांगता दिलेले, न विचारता घेतलेले औषध.

सरकारने १९८३ सालीच पोटात घेण्याच्या एकाच औषधात स्टेरॉइडबरोबर दुसरे औषध मिसळायला बंदी केली. दम्याच्या इनहेलरला पुढे सवलत मिळाली, ती वेगळी गोष्ट. पण कारखान्यात जे मिसळता येत नाही, तेच कागदाच्या पुडीत शेजारी शेजारी येऊन पडते. दोन दिवसांत दुखणे पळाले की आपण त्या पुडीचे गुण गातो. आत काय होते, हे विचारत नाही.

म्हणून पाच गोष्टी सांगतो.

१. नाव नसलेली पुडी घेऊ नका. पट्टी मागा, चिठ्ठी मागा.

२. दवाखान्यात गेलात की चालू असलेली सगळी औषधे दाखवा. हृदयासाठीची ॲस्पिरिनही सांगा, तीही याच जातीची आहे.

३. स्टेरॉइड चालू असेल तर वेदनाशामक स्वतःहून घेऊ नका. पॅरासिटामॉल चालेल का, पोटाच्या रक्षणाची गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारा.

४. हे ऐकून घाबरून स्टेरॉइड एकदम बंद करू नका. बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड अचानक तोडले तर जिवावर बेतते. डॉक्टरच ते हळूहळू कमी करतील.

५. काळी शौच, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, पोटात एकाएकी कळ, चक्कर, यांपैकी काहीही झाले तर ड्यूटी संपायची वाट पाहू नका. ताबडतोब इस्पितळ गाठा.

शाखांच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की ही पाच कलमे कागदावर लिहून गँगहटमध्ये, सॉर्टिंग हॉलमध्ये लावा. आणि प्रशासनाकडे आपली मागणी कायम आहे: ओझे कमी करा, माणसे भरा, विश्रांती द्या. गुडघा झिजवणारे काम तसेच ठेवून गोळीवर दिवस ढकलणे हा उपाय नव्हे.

सहकाऱ्याला मदत जरूर करा. पण खिशातली पट्टी काढण्याआधी एवढेच विचारा, “बाबा रे, तुला दुसरे कोणते औषध चालू आहे?”

कामगार एकजुटीचा विजय असो!