हसविणारा एकटा आणि समोरचा प्रेक्षक



‘स्टँड-अप कॉमेडी’ हा शब्द महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत रुळून आता वीस वर्षे झाली. २००५ साली स्टार वन वाहिनीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ सुरू झाले आणि त्याचा पहिला विजेता सुनील पाल हा विदर्भातील हिंगणघाटचा निघाला. २०१० साली लंडनच्या ‘कॉमेडी स्टोअर’ने लोअर परळ येथे, जेथे एकेकाळी कापडगिरणीचा भोंगा वाजत असे त्याच आवारात, आपले सभागृह उघडले. पुढे मुंबई-पुण्यातील उपाहारगृहांच्या माळ्यांवर ‘ओपन माइक’ सुरू झाले. पाच मिनिटे, एक ध्वनिक्षेपक आणि समोर वीस-पंचवीस अनोळखी माणसे, एवढ्या भांडवलावर शेकडो तरुण-तरुणी तेथे उभे राहू लागले.

या तरुणांकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा समाजात दिसतात. हे सारे पाश्चात्त्यांचे उसने थेर आहे, आपल्या संस्कृतीत याला स्थान नाही, असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. इंग्रजी वृत्तपत्रांतील विद्वानांचे म्हणणे निराळे. त्यांच्या मते येथील समाजाला विनोद कळतच नाही, येथील माणसाच्या भावना सदैव दुखावण्याच्या तयारीत असतात. वास्तविक या दोन्ही मतांना महाराष्ट्राच्या रंगमंचाचा इतिहास ठाऊक नसावा, असेच म्हणावे लागते.

एकट्या माणसाने समुदायासमोर उभे राहून बोलावे आणि समुदायाने हसावे, हे मराठी माणसाला नवे नाही. कीर्तनकार अनेक शतके हेच करीत आला आहे. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वनिरूपण झाले की उत्तररंगातील आख्यानात बुवा क्षणात सासू होतात, क्षणात सून होतात, गावच्या सावकाराची नक्कल करतात आणि मंदिराच्या सभामंडपात खसखस पिकते. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून जी सोंगे उभी केली, त्यांत अध्यात्म जेवढे आहे तेवढाच संसारी माणसाचा उपहास आहे. तमाशात आरंभी गणेशवंदनेचा गण होतो आणि लगेच गौळणीत पेंद्या व मावशी साक्षात श्रीकृष्णाची फिरकी घेतात. गणाच्या वेळी हात जोडणारा प्रेक्षक गौळणीच्या वेळी पोट धरून हसतो, आणि त्याला यात काही विसंगत वाटत नाही. कोकणातील दशावतारात संकासुर अवतरला की अंगणातील मुले त्याच्या बोबड्या चाळ्यांना खिदळतात. विदर्भाच्या झाडीपट्टीत रात्रभर चालणाऱ्या नाटकात विनोदी पात्र नसेल तर उत्तररात्री मंडपात कोणी बसणार नाही, हे तेथील नाट्यमंडळींना पक्के ठाऊक असते.

हा वारसा शहरी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणला तो पु. ल. देशपांडे यांनी. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली आणि १९६१ पासून पु. ल. ती रंगमंचावर एकट्याने उभी करू लागले. चाळकऱ्यांची सारी व्यंगे त्यांनी वेशीवर टांगली, आणि ती पाहायला तिकिटाच्या रांगेत उभे होते ते चाळकरीच. त्याच सुमारास शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे त्रिकूट गावोगाव कथाकथन करीत हिंडत होते. वेषभूषा नाही, रंगभूषा नाही, नेपथ्य नाही. ध्वनिक्षेपकापुढे उभा राहून एक माणूस गावच्या इरसाल पाटलाची गोष्ट सांगतो आहे आणि श्रोत्यांत बसलेला पाटीलच मांडीवर थाप मारून दाद देतो आहे. आजच्या परिभाषेत याला ‘स्टँड-अप’ म्हणण्यास काहीच हरकत नाही. लक्ष्मण देशपांडे यांनी तर १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये मराठवाड्यातील खेड्याची बावन्न पात्रे एकट्याने साकारली आणि विद्यापीठातील नाट्यशिक्षणाचा व्यासंग व खेड्यातील बोली यांचा मेळ कसा घालतात ते दाखविले.

या मालिकेत राम नगरकर यांचे नाव अलीकडे फारसे घेतले जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यात दादा कोंडके यांच्या जोडीने ते गाजले. परंतु त्यांची खरी कमाई म्हणजे ‘रामनगरी’ हा एकपात्री प्रयोग. नाभिक कुटुंबातील मुलाच्या वाट्याला आलेली टिंगल, अवहेलना, उपजत व्यवसायाची लाज आणि पुढे त्याच व्यवसायाचा अभिमान, हे सारे त्यांनी हसत हसत सांगितले. उच्चवर्णीय प्रेक्षकही त्यावर हसला, पण हसता हसता आपण याच माणसाला कसे वागवीत आलो याची त्याला आठवण होत असे. जातीच्या विषयावर शेकडो परिसंवादांनी जे साधत नाही ते नगरकरांच्या दोन तासांनी साधले असेल, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

मग प्रेक्षक बिनसतो कोठे?

येथे कोकणी माणसाशी संबंधित दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९८० साली गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक मच्छिंद्र कांबळी यांनी रंगमंचावर आणले. गावकरी मंडळी महाभारतातील द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रयोग बसवितात आणि त्यात जी फजिती होते तिचे हे नाटक. पांडव, कौरव, द्रौपदी यांच्या भूमिकेतील गावकरी मालवणीतून भांडतात, शिव्या हासडतात, संवाद विसरतात. सुरुवातीला नाटकाला प्रतिसाद बेताचा होता. पु. ल. देशपांडे यांनी मनापासून कौतुक केले आणि त्यानंतर नाटकाने मागे वळून पाहिले नाही. पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. महाभारताचा अवमान झाला म्हणून कोणी दगड उचलला नाही, की कोकणी माणसाची बदनामी झाली म्हणून मोर्चा काढला नाही. उलट गिरणगावातील चाकरमान्याने गावाकडून आलेल्या पाहुण्याला आवर्जून ‘वस्त्रहरण’ला नेले.

दुसरा प्रसंग २०२४ मधला. मुनव्वर फारुकी या विनोदकाराने एका कार्यक्रमात प्रेक्षकांशी गप्पा मारताना, ज्याला त्या व्यवसायात ‘क्राउड वर्क’ म्हणतात, कोकणी माणसांविषयी अपशब्द वापरला. सभागृहात तो हशात विरून गेला. चित्रफीत बाहेर पडताच मात्र संताप उसळला, राजकीय पुढाऱ्यांनी इशारे दिले आणि ऑगस्टमध्ये फारुकी यांनी जाहीर माफी मागितली. शब्द म्हणून पाहिले तर ‘वस्त्रहरण’मधील शिव्या यापेक्षा सौम्य नव्हत्या. फरक होता तो बोलणाऱ्याच्या उभे राहण्याच्या जागेचा. मच्छिंद्र कांबळी गावाच्या आत उभे राहून शिवी देत होते. त्या शिवीत स्वतःलाही सामील करून घेत होते. बाहेरून आलेल्या माणसाने तीच शिवी दिली तर ती शिवीच राहते. बाहेरच्याला विनोदाचा अधिकार नाही, असा याचा अर्थ मुळीच नाही. आंध्रातून आलेल्या कुटुंबातील, धारावीत वाढलेला आणि हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात सहकाऱ्यांची व साहेबांची नक्कल करता करता ‘जॉनी लिव्हर’ झालेला कलावंत मुंबईच्या प्रत्येक थराने आपला मानलाच की! त्याने आधी त्या माणसांबरोबर डबा खाल्ला होता.

तथापि सारा दोष विनोदकाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गेल्या दशकात प्रेक्षक या शब्दाचाच अर्थ पालटला आहे. ‘बटाट्याची चाळ’चा प्रेक्षक तिकीट काढून, वेळ काढून, काय पाहायचे हे ठरवून येत असे. तमाशाच्या कनातीत जाणारा पुरुष तेथली बतावणी चावट असणार हे जाणून जाई आणि लेकीबाळींना बरोबर नेत नसे. अश्लीलता महाराष्ट्राला परकी होती हा भाबडा समज सोडून द्यावा. तिची वेळ आणि जागा मात्र ठरलेली होती. मोबाइलने ही वेळ आणि जागा पुसून टाकली. २० डिसेंबर २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात ‘एआयबी’ मंडळींचा ‘रोस्ट’ झाला, तेव्हा सुमारे चार हजार प्रेक्षक पैसे मोजून आले होते आणि हसून परत गेले. त्या रात्री काहीच घडले नाही. जानेवारी २०१५ मध्ये त्याच कार्यक्रमाची चित्रफीत घराघरांत पोहोचली आणि मग तक्रारी, गुन्हे, चित्रफीत मागे घेणे हा सारा क्रम घडला. आजोबांच्या हातातील मोबाइलवर नातवाच्या वयाच्या मुलांची ती भाषा अचानक येऊन आदळली. आजोबा दुखावले गेले यात नवल ते काय?

दुखावल्यावर काय करावे, हा प्रश्न मात्र गंभीर आहे आणि कार्यकर्त्यांच्या दृष्टीने तर विशेषच. २३ मार्च २०२५ रोजी कुणाल कामरा याच्या विडंबनगीतावरून सत्तारूढ शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खार येथील ‘हॅबिटॅट’ या सभागृहाची मोडतोड केली. कामरा तेथे नव्हता. गीत पूर्वीच ध्वनिमुद्रित झाले होते. त्याने माफीही मागितली नाही. फुटल्या त्या खुर्च्या आणि दिवे. सभागृहाच्या चालकांनी ते बंद ठेवण्याची घोषणा केली, आणि ज्यांचा या वादाशी काडीचाही संबंध नव्हता अशा नवोदितांचा मंच गेला. फारुकी यांचीच गोष्ट घ्या. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर येथे त्यांना अटक झाली, महिनाभराहून अधिक काळ ते कोठडीत राहिले, ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला. त्यापूर्वी हे नाव किती मराठी घरांना ठाऊक होते? पुढे ते ‘बिग बॉस’चे विजेते झाले. विरोधकांनीच त्यांची जाहिरात केली, असा निष्कर्ष कोणी काढला तर त्याला खोडून काढणे अवघड आहे.

मोडतोड करणारा प्रेक्षक नसतो; बहुतेक वेळा त्याने कार्यक्रम पाहिलेलाच नसतो. खऱ्या प्रेक्षकाजवळ याहून कठोर शिक्षा आहे आणि ती प्रत्येक विनोदकाराला ठाऊक आहे. त्याचे नाव शांतता. वाक्य संपले, टाळीची जागा आली आणि सभागृहात कोणीही हसले नाही, तर ते तीन क्षण कलावंताला तुरुंगवासाहून लांब वाटतात, असे या क्षेत्रातील मंडळीच सांगतात. ‘ओपन माइक’ची सारी पद्धत याच न्यायावर उभी आहे. दहा विनोद सांगावेत, दोनांवर लोक हसावेत, आठ टाकून द्यावेत, असे करीत वर्ष-दोन वर्षांनी तासाभराचा कार्यक्रम तयार होतो. पुणेकर प्रेक्षक न हसण्याबद्दल प्रसिद्ध आहे (पुण्याबाहेरच्यांचा हा आरोप पुणेकर अभिमानाने मिरवितात), पण तेथे टिकलेला विनोद अन्यत्र पडत नाही, हेही तितकेच खरे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमातील आईवडिलांविषयीच्या एका किळसवाण्या प्रश्नावरून देशभर जो गदारोळ झाला, त्याचे स्वरूप थोडे वेगळे होते. तेथे कोणत्याही पक्षाचा वा नेत्याचा संबंध नव्हता. एरवी परस्परांचे तोंड न पाहणारी माणसेही त्या वेळी एकाच सुरात बोलली, सर्वोच्च न्यायालयाने कडक शब्दांत कानउघाडणी केली आणि अटकेपासून संरक्षणही दिले. लोकांची नाराजी खुर्ची न फोडता किती परिणामकारक होऊ शकते, याचे ते उदाहरण मानावे. कार्यक्रमाचे सारे भाग निर्मात्यालाच मागे घ्यावे लागले.

आता थोडे मराठीविषयी. आजचे बहुसंख्य मराठी तरुण विनोद ऐकतात तो हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात. दूरचित्रवाणीवर ‘चला हवा येऊ द्या’ने २०१४ पासून आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ने २०१८ पासून मोठा प्रेक्षक मिळविला, परंतु ते प्रहसन आहे, चारपाच जणांनी मिळून केलेले. एकट्याने उभे राहून आपल्या आळीविषयी, आपल्या घराविषयी, आपल्या बोलीत बोलणारा मराठी मुलगा अजून विरळाच. ‘भाडिपा’च्या मंडळींनी मराठी स्टँड-अपला आपला प्रेक्षक मिळवून दिला, लक्ष्मण देशपांडे यांच्या पश्चात संदीप पाठक यांनी ‘वऱ्हाड’ पुन्हा उभे केले. या प्रयत्नांची भाषा सर्वांनाच रुचेल असे नाही. ज्यांना रुचत नाही त्यांनी दुसरा, आपल्याला रुचेल असा मराठी विनोदकार घडविण्यास हातभार लावावा. नुसती नाके मुरडून मुले हिंदी-इंग्रजीकडेच वळणार आहेत.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पूर्वी गणेशोत्सवाच्या मंडपात नकलाकाराची एक रात्र ठरलेली असे. आज त्या रात्री वाद्यवृंद येतो, ध्वनिवर्धकांच्या भिंती येतात. गृहसंकुलाच्या उत्सव समितीने आरती आणि बक्षीस समारंभ यांच्या मधली पंधरा मिनिटे संकुलातीलच एखाद्या महाविद्यालयीन मुलाला वा मुलीला द्यावीत. खुर्च्या मंचाच्या जवळ मांडाव्यात, कारण दूर बसलेला माणूस हसत नाही. पहिल्या रांगेत समितीचे अध्यक्ष, सचिव आणि वाहनतळावरून नेहमी भांडणारे काका यांना बसवावे. मुलाने पहिला विनोद त्यांच्यावरच करावा, आणि तो पडला तर दुसऱ्या वर्षी त्यालाच पुन्हा बोलवावे.