माझा पहिला ड्रमसेट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला विषय दिलाय 'माझा छंद' आणि वेळ दिलीय पाच मिनिटे. तुमच्यापैकी बहुतेकांना मी मेंटेनन्सच्या नोटिसा लावणारा माणूस म्हणून ठाऊक आहे. एके काळी मी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवत होतो, हे आमच्या विंगमध्येही फार जणांना माहीत नाही.

१९७४ साल. बँकेत क्लार्क म्हणून लागून वर्ष झालं होतं. चाळीच्या गणपतीत ढोलकी आणि बाँगो वाजवून हात बसला होता, पण ड्रमचं वेड लावलं ते आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांनी. एका गोवेकर वादकाकडून जुना सेट घेतला. साडेतीनशे रुपयांना, म्हणजे जवळजवळ एका पगाराला. बेस ड्रम, स्नेअर, एक टॉमटॉम, हायहॅट आणि कडेला तडा गेलेली एक सिंबल. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच बेस ड्रमखाली घालायला जुनं गोणपाट आणून दिलं.

सगळी पानं कातड्याची होती. कातडं हवेतला दमटपणा शोषतं आणि सैल पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये माझा स्नेअर ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजायचा. कार्यक्रमाआधी शंभरचा बल्ब लावून मी पानं शेकत बसायचो. आई म्हणायची, पापड वाळवतोस की काय! अमेरिकेत रेमो बेली यांनी १९५७ सालीच प्लॅस्टिकची पानं बाजारात आणली होती. आमच्यापर्यंत ती फार उशिरा पोचली. बोटीवर असलेल्या एका मित्राच्या भावाने मला स्नेअरसाठी एक पान आणून दिलं, तेव्हा मी पावसात खिडकी उघडी टाकून मुद्दाम वाजवून पाहिलं. आवाज जराही उतरला नाही! त्या एका पानाचा आनंद पुढे स्कूटर घेतली तेव्हासुद्धा झाला नाही.

बीटल्सच्या रिंगो स्टारचा पहिला सेटही जुनाच होता, सावत्र वडिलांनी आणून दिलेला. १९६३ मध्ये त्याने लंडनमध्ये लुडविगचा सेट घेतला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन टीव्हीवर तो बघून तिकडची पोरं त्या कंपनीच्या मागे लागली. माझी प्रगती मात्र एक पान आणि एका नव्या पेडलवर थांबली. १९७९ मध्ये ऑफिसर झालो, तालुक्याच्या गावी बदली झाली आणि सेट लग्नाच्या बँडमधल्या एका पोराला विकला. हे झालं छंदाबद्दल.

आता खरं बोलायचं ते. मी सेक्रेटरी असताना सी विंगमधल्या एका मुलाने ड्रमसेट आणला होता. संध्याकाळी सहा ते सात वाजवायचा. तक्रारी आल्या, आणि त्या खोट्या नव्हत्या. नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे; स्नेअर जवळून सहज शंभरच्या वर जातो. कमिटीत ठराव झाला. नोटीस मी लिहिली आणि मीच चिकटवली. तो मुलगा जिन्यात भेटला, म्हणाला, "काका, बेसमध्ये उशी घालून आणि वर टॉवेल टाकून वाजवू का?" हे दोन्ही उपाय मी स्वतः केले होते. तरी म्हणालो, "कमिटीचा निर्णय आहे." मीही वाजवायचो, एवढंसुद्धा सांगितलं नाही. महिनाभर सेट चादर घालून त्यांच्या पॅसेजमध्ये होता, मग दिसला नाही.

चाळीत तर भिंती नावालाच होत्या. पण शेजारच्या काकांनी मला वेळ ठरवून दिली होती, रविवारी पाच ते सहा, आणि त्या वेळात ते स्वतः चौपाटीवर जायचे. मला बंदी कुणी घातली नाही. हे मला नोटीस लिहिताना आठवलं होतं, नंतर नाही. म्हणून जास्त लागतं.

गेल्या वर्षी नातवाने इलेक्ट्रॉनिक सेट घेतला. जाळीची पानं, कानाला हेडफोन. खालच्यांना फक्त पेडलची धपधप, तीही रबरी मॅट घातल्यावर कमी झाली. मी बसून पाहिलं. हात चालले, उजवा पाय नाही चालला. त्या रात्री सी विंगमधल्या त्या मुलाच्या आईकडून नंबर घेतला आणि त्याला सगळं लिहून पाठवलं. तो आता बंगळूरला असतो. त्याचं उत्तर आलं, "काका, तुमचा सेट कुठला होता?" बाकी काही नाही.

तर कमिटीकडे माझा एक अर्ज आहे. ऑफिसशेजारच्या खोलीत मोडकं टेबलटेनिसचं टेबल पडलंय. ती खोली रविवारी पाच ते सात मुलांना वाजवायला द्यावी. तबला, ड्रम, काहीही. भिंतींना गाद्या लावायचा खर्च मी देतो. तळमजल्यावरच्या दोन्ही घरांशी मी बोललोय. एक हो म्हणाले, दुसरे विचार करताहेत. विषय येत्या वार्षिक सभेत येईल, तेव्हा कृपया हजर राहा, कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबायला लावू नका.

कुल्फी आली वाटतं.